हेमलतेसाठी लावलेला कौल

वाळत घातलेल्या सुपारीचा वास ज्याने घेतलेला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. गोड म्हणावा तर मागे तुरटपणा रेंगाळतो, मातीचा म्हणावा तर त्यात उन्हाचा करकरीतपणा असतो. आणि वैशाखातल्या दुपारी, वारा अगदी पडलेला असताना, समोरच्या खळ्यात पसरलेल्या सुपारीवरून तो वास उठून आमच्या श्रीवर्धनच्या घराच्या पडवीत शिरतो, तेव्हा मला हटकून कादंबरीची तहान लागते. इतरांना अशा वेळी पन्हं आठवतं, कोकमाचं सरबत आठवतं. मला एखाद्या जाडजूड पुस्तकाचं पहिलं प्रकरण आठवतं, पोफळींच्या सडपातळ सावल्या त्याच्या पानांवरून हळूहळू सरकताना दिसतात, आणि जिथे आपली अजून कुणाशीच ओळख नाही अशा एका घरात आता पाऊल टाकायचं आहे, या नुसत्या कल्पनेने या वयातही छातीत धडधडायला लागतं.

एरवी मी हळवी बाई नाही. वाडीचं बाहेरचं काम यजमान पाहतात, आतलं सगळं माझ्याकडे आहे, आणि ते मी याद्या करून करते. पावसाळ्याआधी भरायच्या सामानाची यादी, कीड लागलेल्या पोफळींची यादी, शेजारीपाजारी गेलेल्या पातेल्यांची यादी. वाचलेल्या कादंबऱ्यांचीही एक आहे, आणि तिच्यात नावापुढे मी एवढंच लिहिते की पुस्तक पुन्हा वाचावंसं वाटेल की नाही. कादंबरी वाचतानाही माझ्यातली ही घर चालवणारी बाई गप्प बसत नाही. नायिका भर पावसात घर सोडून निघाली की तिने छत्री घेतली का, हे मी आधी पाहते. ऐतिहासिक कादंबरीत घोडदौड सुरू झाली की रात्रभर धावलेल्या त्या जनावरांना चंदी कोण देणार, याची काळजी मला लागते. पुण्याच्या कादंबऱ्यांतली माणसं दिवाणखान्यात बसून इतका वेळ बोलतात, की आत पोळ्या कोण लाटतंय हे विचारावंसं वाटतं; आणि त्या पोळ्या लाटणाऱ्या बाईवर कुणी चारशे पानं लिहिली, तर ती मी एका बैठकीत संपवीन. ही कुरकुर अर्थात मायेची आहे. परक्याच्या घरातली धूळ आपल्याला दिसते ती पाहुणे म्हणून गेलो असताना नव्हे, तिथे राहायला लागल्यावर. आणि मी प्रत्येक कादंबरीत चार दिवस राहून आलेली आहे.

पुस्तकं मुंबईहून आगबोटीने येत. गिरगावात नोकरीला असलेले माझे धाकटे दीर जुन्या बाजारातून, कधी बंद पडलेल्या एखाद्या वाचनालयातून, पाच-सहा कादंबऱ्या गोळा करीत, गोणपाटात बांधीत आणि बोटीवरच्या ओळखीच्या माणसाच्या हाती देत. बोट लांब समुद्रात उभी राही, किनाऱ्यावरून पडाव तिच्याकडे जाई, आणि परत येताना त्यात माणसं, ट्रंका, कोंबड्यांचे झाप आणि कुठेतरी तळाशी माझं गाठोडं असे. खारं पाणी लागून पुस्तकांच्या कडा फुगलेल्या असत, काहींना घासलेटचा वास येई, एकाच्या पोटात एकदा कुणाच्या तरी बारशाचं पिवळं पडलेलं आमंत्रण निघालं होतं. गाठोड्याची सुतळी मी दातांनीच सोडायला घेई, आणि माई, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, शेजारी उभ्या राहून म्हणत की लग्नाच्या शालूची घडीसुद्धा हिने इतक्या हौसेने मोडली नव्हती. ज्येष्ठात समुद्र खवळला की बोटी बंद होत त्या थेट नारळी पुनवेपर्यंत. त्यामुळे पावसाळ्याच्या बेगमीत तांदूळ, मीठ, सरपण यांच्या जोडीने तेवढ्या दिवसांच्या कादंबऱ्याही असत, आणि त्या पुरवून पुरवून वाचाव्या लागत.

मोठ्याने वाचायची पद्धत आमच्याकडे सुरू झाली ती मात्र निव्वळ सोयीसाठी. सुपारी वाळून खडखडीत झाली की सोलायला बायका येत. पडवीत गोल करून बसत. पुढ्यात ढीग, हातात लहान कोयती, एका अंगाला साल पडायचं, दुसऱ्या अंगाला सोललेली सुपारी टोपलीत. हात गुंतलेले आणि तोंडं मोकळी, त्यामुळे दुपार चढे तशी भांडणंही चढत. एक दिवस वैतागून मी कपाटातली कादंबरी काढली आणि खांबाला टेकून वाचायला बसले. पडवी चिडीचूप झाली. पुढे निरीक्षणाने माझ्या ध्यानात आलं की प्रेमप्रसंगात कोयत्या थांबतात आणि सासू-सुनांच्या खटक्यात दुप्पट वेगाने चालतात. तेव्हापासून सुपारीच्या दिवसांत वाचायची पुस्तकं मी त्यातली भांडणं पाहून निवडू लागले. नियम दोनच होते. दिवसाला एक प्रकरण; आणि पुढचं पान कुणीही, अगदी मीसुद्धा, आधी चाळायचं नाही. प्रकरण संपलं की पुस्तक कपाटात जाई आणि कपाटाची चावी माझ्या कमरेला. माई हे सगळं फुकटचं खूळ आहे असं म्हणत आणि नेमक्या वाचनाच्या वेळी त्यांना पडवीतच डाळ निवडायची असे.

या मंडळींत यमुना होती. कोळवाड्यातली, सकाळी टोपली घेऊन दारोदार मासळी विकायची आणि दुपारी आमच्याकडे सुपारी सोलायची. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली. तिचा हात सगळ्यांत जलद आणि जीभ त्याहून जलद. कादंबरीतली माणसं खरी नसतात, कुणीतरी मनाने रचलेली असतात, हे मी तिला एकदा नीट समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, दोन सुपाऱ्या सोलल्या आणि विचारलं, “मंग त्याला त्यांची येवढी म्हाईती कशी?”

नवे पैसे नुकते चालू होऊन बाजारात सगळा घोळ चालला होता, त्या वर्षीची ही गोष्ट. त्या उन्हाळ्यात यमुनेच्या जिवाला एकच घोर होता. तिची एकुलती एक लेक काशी खाडीपलीकडच्या कोळवाड्यात दिलेली होती, तिचे पहिलटकरणीचे दिवस भरत आले होते, आणि ती अजून सासरीच होती. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत, पण डोहाळजेवणाच्या दिवशी विहिणीने यमुनेला चार बायकांत ऐकवलं होतं, “एका खोलीच्या घरात बालंतीन निजवनार कुठं? मासलीच्या टोपलीत?” यमुना न जेवता उठून आली होती, आणि आता बोलावणं आल्याशिवाय त्या घराचा उंबरा चढायचा नाही असं तिने बोलून दाखवलं होतं. मागायला आल्याशिवाय सून पाठवायची नाही, असा तिकडचा हट्ट. मधे खाडी. वारा फिरला, पाणी चढलं की खाडीतली होडी बंद होणार, मग चार महिने इकडचं माणूस इकडे आणि तिकडचं तिकडे. आमच्या गावात निदान सरकारी दवाखाना होता. पलीकडे तोही नव्हता. आम्ही सगळ्यांनी यमुनेला परोपरीने सांगितलं. ती मान खाली घालून सोलत राही आणि म्हणे, “बोलावनं येऊ द्या.”

आणि त्याच दिवसांत आम्ही वाचत होतो ती कादंबरी हेमलतेची होती. हेमलता पुण्याची, शिकलेली, वडिलांच्या मनाविरुद्ध लग्न करून नवऱ्याबरोबर दूरच्या रानात राहायला गेलेली. नवरा जंगल खात्यात. वडील बोलावीत नाहीत, ही आपण होऊन एक ओळ लिहीत नाही, दिवस भरत आलेले, पावसाळा तोंडावर आणि बंगल्याच्या पुढ्यात नदी. लेखकाची भाषा फार सुरेख होती. रानातल्या पहिल्या काजव्यांचं, ओल्या सागाच्या वासाचं, खिडकीशी एकटीच उभ्या असलेल्या त्या मुलीचं वर्णन वाचताना माझाच आवाज मला अनोळखी वाटे, जणू माझ्या घशातून कुणी दुसरीच बाई बोलते आहे, माझ्याहून सुंदर, माझ्याहून एकटी. साम्य सगळ्यांच्या लक्षात आलं होतं आणि कुणीही ते बोलून दाखवत नव्हतं. फक्त हेमलता खिडकीशी आली की यमुनेची कोयती मंद होई. खाडीपलीकडच्या कोळणी आमच्या बाजाराला येत, त्या काशीची खबर आणीत. आणि जाताना त्यांच्या रिकाम्या टोपल्यांबरोबर हेमलतेची खबर पलीकडे जाई. आमची कादंबरी अशी रोज, एक दिवस उशिराने, खाडी ओलांडत होती.

एका दुपारी प्रकरण संपलं ते असं: रात्रीची वेळ, हेमलतेला कळा सुरू झालेल्या, नवरा फिरतीवर, नदीला पूर आणि डॉक्टरला घेऊन आलेली बैलगाडी पैलतीरावर उभी. मी पुस्तक मिटलं. पडवीत एकच गिल्ला झाला. माईंनी तर, आपण ऐकत नसतो हे विसरून, पुढचं पान फक्त एकदा बघ म्हणून गळ घातली. मलाही रात्रभर झोप लागली नाही, पण नियम तो नियम.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावदेवीच्या देवळातले गुरव नारळ मागायला म्हणून आले आणि पायरीवर टेकून माझी विचारपूस करावी तसे म्हणाले, “वहिनी, त्या तुमच्या हेमलताबाईंचं काही कळलं का?”

मला उलगडा होईना. मग त्यांनी सांगितलं. पहाटे यमुना आणि आणखी दोघीजणी कौल लावायला आल्या होत्या. आमच्याकडे देवीच्या पाषाणावर दोन बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतात आणि मनातलं विचारतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पिढ्यान् पिढ्या माणसं अशी पेरणीचं, आजाराचं, सोयरिकीचं विचारीत आलेली आहेत. यमुनेने विचारलं होतं की पुण्याची एक बाई रानात अडली आहे, मधे नदी आहे, ती सुटेल का. गुरव म्हणाले, “देवीपुढं नाव घ्यायचं तर पुरं घ्यावं लागतं. आडनाव एकीलाही सांगता येईना. मी म्हटलं, अशी कशी तुमची ओळख? तर यमुना म्हणाली, ती वहिनींच्याच घरात असते. मग मी आपलं तुमचं आडनाव घातलं. उजवी कळी अशी टपकन पडली बघा. घोर करू नका.”

निरोप अजून यायचा आहे, असं म्हणून मी त्या सज्जन माणसाच्या हातात दोन नारळ दिले आणि आत येऊन फडताळाशी उभी राहून इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. लेखकाने आडनाव दिलंच नव्हतं हे खरं होतं. शंभर-दीडशे पानं वाचून माझ्यासारख्या काटेकोर बाईच्याही ते लक्षात आलं नव्हतं. आणि आता ती मुलगी आमच्या घराण्याची होऊन देवीपुढे उभी राहून आली होती. हसू ओसरलं तशी एक विलक्षण हुरूप आणणारी भावना मनात भरून आली. पुण्या-मुंबईचे टीकाकार कादंबरीतल्या पात्रांना जिवंत म्हणतात. पण त्यांच्यापैकी कुणी पहाटे उठून, अंघोळ करून, ओल्या पायांनी एखाद्या पात्राची खुशाली देवाला विचारायला गेल्याचं मी ऐकलेलं नाही. त्या दिवशी दुपार कधी होते असं मला झालं.

दुपार झाली. पडवी भरली होती. दोघी-तिघी तर सुपारीचं काम नसतानाही येऊन बसल्या होत्या. सगळ्यांचे चेहरे कौल मिळालेल्या माणसांचे, निश्चिंत. मी वाचायला लागले. पाऊस, अंधार, पुराचा आवाज, पैलतीरावर हलणारा कंदील. लेखकाने ते सगळं फार मोठ्या ताकदीने लिहिलं होतं, आणि मी त्या लयीत अशी काही वाहत चालले होते की पहाटे पूर ओसरला, गाडी बंगल्यापाशी आली, आणि खिडकीतला दिवा तेवत होता पण त्या दिव्याला आता वाट पाहायची नव्हती, हे वाक्य मी पुरतं वाचून टाकलं, आणि मगच त्याचा अर्थ मला कळला.

कोयत्या थांबल्या. खळ्यात एक कावळा सुपारीवर उतरला तरी त्याला कुणी हाकललं नाही. यमुना म्हणाली, “पुन्ना वाचा.” मी ते वाक्य पुन्हा वाचलं. तिने ते सगळ्या अंगाने ऐकलं. मग माझ्याकडे नव्हे, पुस्तकाकडे पाहत ती हळूच म्हणाली, “देवीनं उजवा दिला व्हता. या लिवनाऱ्यानं कुनाला इचारलं?”

मांडीवरची सालं झटकून ती उठली, अर्धी टोपली तशीच ठेवून पायऱ्या उतरली आणि गेली. माईंनी पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाल्या की तुझ्या पुस्तकाने एक चांगली सोलणारी घालवली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. सकाळची मासळीही आली नाही. संध्याकाळी कळलं की पहिल्या होडीने ती खाडीपलीकडे गेली आहे.

तिची वाट पाहण्याचे ते दिवस मला चांगले आठवतात, कारण हातात कादंबरी नव्हती. वाडीत फिरताना, पाटाचं पाणी पोफळींच्या मुळांशी वळवताना, मी एकच विचार करीत होते. यमुनेने पहाटे देवीपुढे उभं राहून काशीचं का विचारलं नाही? तिथे तिची लेक खरी, नाव-गाव-आडनाव असलेली. तिला वगळून ती परक्या पुण्याच्या मुलीचं विचारून आली. पण स्वतःच्या लेकीचा कौल लावायचा म्हणजे डावा पडला तर तो पदरात घेऊन घरी यायचं, त्याच्याशेजारी निजायचं, सकाळी त्याच्यासकट मासळी विकायला जायचं. तेवढी छाती कुणाला असते? हेमलतेच्या नावाने विचारता येतं. हा विचार मनात आला आणि पाटाच्या कडेला मी थबकलेच, कारण मग मी तरी इतकी वर्षं काय करीत होते? माझ्या यादीतली किती पुस्तकं मी पुन्हा वाचावीशी म्हणून लिहून ठेवली होती, आणि त्यांतल्या किती बायका घर सोडून निघालेल्या होत्या, किती जणी परत आल्या होत्या, किती जणींना कुणीतरी दारातून हाक मारली होती! मौज म्हणून वाचते, असं मी सगळ्यांना सांगते, आणि ती मौज खरीच आहे. पण दुसऱ्याच्या नावाने विचारता आल्याची मौजही तिच्यात मिसळलेली असते, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी यमुना मागच्या दारी आली. चेहरा उन्हाने रापलेला आणि डोळे लखलखीत. झालं होतं ते असं. विहिणीच्या दारात जाऊन ती उंबऱ्याबाहेर बसली. आत ये असं कुणी म्हणेना, ही उठेना. शेवटी विहीण बाहेर आली आणि पहिला प्रश्न तिने काय विचारला, तर त्या पुण्याच्या बाईचं पुढे काय झालं. पलीकडेही सगळा कोळवाडा त्या पुराशी येऊन अडकला होता. यमुनेने सांगितलं, “मेली.” विहीण खांबाला धरून खाली बसली. मग यमुना म्हणाली, “मान तुमचा ऱ्हाऊ द्या. लेक माझी द्या.” विहिणीने आत जाऊन गाठोडं आणलं. ते, यमुनेच्या म्हणण्याप्रमाणे, बऱ्याच दिवसांपूर्वी बांधून ठेवलेलं होतं.

काशी घरी आली होती, दवाखान्यातल्या बाईंनी तिला तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं. अडचण वेगळीच होती. काशीला हेमलतेचं ऐकायचं होतं. सासूसमोर जे घडलं ते, ती परसात होती म्हणून, तिच्या कानावर गेलेलं नव्हतं, आणि हेमलता सुटली या आईच्या सांगण्यावर तिचा भरवसा नव्हता. तिला पुस्तकातलंच हवं होतं, वहिनींच्या तोंडून. यमुना मला म्हणाली, “तिच्यासमोर हेमा मरायची न्हाय.” मी म्हटलं की अगं, ते छापलेलं आहे, मी काय करू? तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी ती पापलेटाला भाव करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहते. “छापलंय तर छापलंय. वाचनार तुमी हाव ना?”

पुढे काशीचं बाळंतपण सुखरूप झालं, तिला मुलगी झाली आणि ती मुलगी आज आमच्या खळ्यात सुपारी सांडत फिरते, हे मी इथेच सांगून टाकते. उगाच कुणाच्या जिवाला घोर नको. मला सांगायचं आहे ते त्या दुपारबद्दल.

काशी आली ती जपून पायऱ्या चढत, आणि माझ्या उजव्या हाताला, खांबाला पाठ टेकून बसली. सावळी, हसऱ्या डोळ्यांची, शाळेत चौथीपर्यंत गेलेली मुलगी. बाकीच्या बायका एकाएकी फार मन लावून सुपारी सोलू लागल्या. मी पुस्तक उघडलं. पूर, अंधार, पैलतीरावरचा कंदील, इथवर जसं होतं तसं वाचलं. मग वाक्य संपलं, पुढचं वाक्य डोळ्यांना दिसत होतं, आणि मी तोंड उघडून दुसरंच बोलले.

काय तो थरार! उभ्या आयुष्यात मी एक ओळ रचलेली नाही. पण हेमलतेच्या त्या बंगल्यात मी इतके दिवस राहिले होते की तिथे काय कमी आहे, हे मला लेखकापेक्षा चांगलं ठाऊक होतं. माझ्या प्रकरणात चुलीवर पाण्याचा हंडा संध्याकाळपासूनच चढलेला होता. जुनेरं धुऊन, वाळवून, घडी करून ठेवलेली होती. कंदिलात तेल भरलेलं होतं, शेगडीत निखारे होते. पलीकडच्या पाड्यावरची जाणती सुईण, पुराचा रंग पाहून, दुपारीच बोलावून ठेवलेली होती. लेखकाने ज्या मुलीला इतक्या सुंदर शब्दांत एकटं सोडलं होतं, तिच्या आजूबाजूला मी भराभर माणसं आणि भांडी उभी करीत चालले, आणि नवल असं की शब्द माझे नव्हते. ते त्याच्याच घाटाचे, लांबलचक, सागाच्या वासाचे येत होते. माईंना राहवलं नाही. “सुंठ?” असं त्या डाळीच्या सुपातून पुटपुटल्या, आणि लगेच सुंठ-गुळाची वाटी हेमलतेच्या उशाशी आली. यमुनेने मान वर न करता विचारलं, “बाप आला का तिचा?” बापाचं माझ्या मनात नव्हतं. पण जंगल खात्याच्या माणसांनी बांबू बांधून तराफा केला, आणि त्या तराफ्यावर, वाऱ्याने उलटी झालेली छत्री घट्ट धरून, पुण्याचे ते मानी गृहस्थ पुरातून पार आले, आणि दारात उभे राहून, भिजलेले, त्यांनी मुलीला नावाने हाक मारली. कुणीतरी हुंदका दिला. काशी हसत होती. मी थांबायला तयार नव्हते. बाळाचं पहिलं रडणं, फटफटणारं उजाडणं, ओसरणारं पाणी, नदीकाठच्या चिखलात उमटलेली बैलांची पावलं, एकामागून एक सगळं मला दिसत होतं आणि मी ते वाचत होते. कोयत्या अशा चालल्या होत्या की सालांचा पाऊस पडावा.

या भरात एक गोष्ट मी विसरले होते. माझी नजर पुस्तकावर होती, बोट ओळींवरून फिरत होतं, पण मघापासून मी एकाच पानावर होते. इतका मोठा पूर, इतकी माणसं, आणि पान एकच.

काशी माझ्याकडे पाहत नव्हती. खांबाला टेकलेलं डोकं किंचित तिरकं करून ती पुस्तकातच पाहत होती, किती वेळ कोण जाणे. तिने हात पुढे केला, माझ्या बोटाखालचं पान अलगद सोडवलं, उलटलं, तळहाताने नीट दाबून बसवलं, आणि हात परत आपल्या पोटावर ठेवला.

मी पुढे वाचू लागले. त्या दुपारी ती नक्की काय वाचत होती, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.